भोंग्याची पट्टी

माझा मेहुणा एकोणतीस वर्षं आमच्या बँडचा गायक होता, आणि त्याला काढायचं ठरलं तेव्हा त्याला सांगायचं कारण मीच सुचवलं. हे आधीच ओकून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझ्याविषयी उगाच चांगलं मत करून घेणार नाही. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो आणि बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. दोन्हीकडे काम नीट झालं तर कुणाला पत्ता लागत नाही, चुकलं की मात्र सगळ्यांना कळतं.

मेहुण्याला सगळे भोंगा म्हणतात. हे नाव बँडनं दिलेलं नाही, लिफ्टवाल्यांनी दिलंय. अठराव्या वर्षी तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत लागला. तेव्हा वॉकीटॉकी साहेबलोकांकडेच असायचे. एक माणूस गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत, दुसरा तळाच्या खड्ड्यात, आणि मधे बारा मजल्यांचा अंधार. इतरांना वर निरोप द्यायचा तर जिने चढावे लागत. हा खड्ड्यातून 'थांब' म्हणाला की वरचा थांबायचाच, शिवाय सातव्या मजल्यावरची माणसंही हातातलं काम टाकून थांबायची.

माझी त्याची ओळखच अशी झाली. मी एका इमारतीत तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मधे अडकलो होतो, पाठीवर गिटार, अंगाला घाम. हा बाहेरून दाराच्या फटीला तोंड लावून बोलत राहिला. नाव काय, काम काय, पाठीवर काय आहे, कुठलं संगीत. मी म्हटलं, मेटल. तो म्हणाला, "म्हणजे आरडाओरडा ना? मग मला घ्या की." वरच्या जोडीदारानं मुख्य स्विच बंद करून, ब्रेक सोडून, चाक हातानं फिरवत लिफ्ट इंच इंच खाली आणली. हा "अजून... अजून... बस!" असं ओरडत होता, आणि ते 'बस' माझ्या छातीत घुमलं. पुढच्या शनिवारी तो आमच्याकडे होता. पुढं चार वर्षांनी मी त्याच्या धाकट्या बहिणीशी लग्न केलं, तेव्हापासून तो मला चेष्टेनं दाजी म्हणतो.

बँडचं नाव गंज. चारच माणसं. गिटारवर मास्तर, तो शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. ड्रमवर डॉक्टर, तो जनावरांचा डॉक्टर. बेसवर मी. आणि पुढं उभा भोंगा. सोफे दुरुस्त करणाऱ्याच्या कारखान्यामागं एक खोली आहे, तिच्या भिंतींना आम्ही उरलेल्या फोमचे तुकडे चिकटवलेत, निळे, पिवळे, एक फुलाफुलांचा. त्या फुलांच्या भिंतीसमोर उभं राहून आम्ही मरण, युद्ध आणि लोखंड यांवर गाणी रचली. पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा भोंगा चोवीस वर्षांचा होता. त्यातलं 'तेरावा मजला' हे गाणं अजून लोकांच्या तोंडी आहे. प्रत्येक कडव्याच्या शेवटी एक आरोळी आहे. ती सूर धरून वर चढते, वर जाऊन थांबते आणि थांबूनच राहते. लोक आमच्या कार्यक्रमांना यायचे ते त्या आरोळीसाठी. बाकी आम्ही तिघे म्हणजे वरातीतले बाकीचे.

भोंगा एक्केचाळीस वर्षांचा असताना त्याला खोकला झाला. महिनाभर गेला नाही. एका कार्यक्रमाआधी तो तंबूच्या मागं मिठाच्या पाण्यानं गुळण्या करत होता. बारा मजले ओलांडणारा माणूस, आणि हातातला पेला धड धरता येईना. मला बघवेना. मी मास्तरला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "आजच्या दिवस अर्धा सूर खाली लावूया. त्याला कळायचं नाही."

त्याला कळलं नाही. संगीतातलं न कळणाऱ्यांसाठी सांगतो. नुसतं ऐकून पट्टी ओळखणारा कान हजारात एखाद्याला असतो, बाकीचे समोरच्या वाद्याला धरून गातात. वाद्यच खाली उतरलं की गाणारा त्याच्याबरोबर खाली येतो आणि त्याला वाटतं आपण होतो तिथंच आहोत. त्या दिवशी भोंग्यानं आरोळी अशी लावली की पुढच्या रांगेतली पोरं रडली. खाली उतरल्यावर त्यानं मला कमरेला धरून उचललं. "बघितलंस दाजी? आला परत! मला वाटलं गेला आवाज!"

आता तुम्हीच सांगा, त्या माणसाला मी काय सांगायला हवं होतं? सांगायला हवं होतं, हे मला आज कळतंय. तेव्हा मी म्हणालो, "जाईल कसा?"

पुढच्या शनिवारी तारा परत वर चढवायच्या होत्या. चढवल्या असत्या तर आवाज फाटला असता, आणि मग का फाटला हे सांगावं लागलं असतं. आम्ही तशाच ठेवल्या. दोन-तीन वर्षांनी आणखी अर्धा सूर. मग आणखी. मग चौथ्यांदा. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आम्ही एकमेकांना म्हणत होतो. मी जाड तारा घातल्या, कारण उतरवलेली बारीक तार दोरीवरच्या ओल्या कपड्यासारखी लोंबते. भोंग्यानं एकदा विचारलं, "एवढ्या जाड कशाला?" मी म्हटलं, "टिकतात." एका मासिकानं छापलं की वयाबरोबर गंजचा नाद अधिक खोल होत चाललाय. भोंग्यानं ते कात्रण फ्रेम करून घरी लावलं. बावन्नाव्या वर्षी तो पाहुण्यांना सांगायचा, "पंचविशीत गायचो त्याच सुरात गातो. थंड पाणी नाही, आइस्क्रीम नाही, उगाच भांडण नाही. आवाज जपला मी." आणि मग मास्तरच्या पोटाकडे बोट दाखवून, "यानं काय जपलं बघा!" मास्तर हसायचा. मीही हसायचो.

हे सगळं जमत होतं ते भोंग्याच्या उशिरामुळं. शनिवारी चारची वेळ असे आणि हा साडेचारच्या आत कधी उगवला नाही. तो बिघाड पथकाचा प्रमुख झाला होता. कुणी लिफ्टमध्ये अडकलं की फोन त्याला. अडकलेल्याला बाहेर काढून इतर लोक निघून येतात. हा ब्रेकची पट्टी तपासल्याशिवाय, दार दहादा उघडून-मिटून बघितल्याशिवाय आणि बाहेर आलेल्या म्हातारीला पाणी पाजल्याशिवाय निघायचा नाही. कंपनीत नवी पोरं त्याच्याकडे शिकायला धडपडायची. तो तिकडं दार तपासत असायचा आणि इकडं आम्ही निवांत तारा खालच्या पट्टीत जुळवून घेत असायचो. अकरा वर्षं आम्ही त्याच्या उशिराच्या आडोशाला खोटं बोललो.

मग जुन्या बँडांचा एक मोठा मेळा ठरला. मोकळं मैदान, दोन दिवस, हजारो माणसं. आम्हाला बोलावणं आलं, अट एकच. पहिली रेकॉर्ड अथपासून इतिपर्यंत वाजवायची, जशी होती तशी.

आम्ही तिघे डॉक्टरच्या दवाखान्यात बसलो. कोपऱ्यात पाय मोडलेली एक शेळी होती आणि ती आमच्याकडं अशी बघत होती की मला आजही ती आवडत नाही. मास्तर म्हणाला, "मी चार अर्धे सूर खाली ते गाणं वाजवणार नाही. ऐकलंयस का तू? गाणं नाही ते, चिखल आहे. तीस वर्षांत एकदा लोक जसंच्या तसं ऐकायला येतायत. मूळ पट्टी नसेल तर मी नाही."

"मग भोंगा?"

"भोंग्याला मूळ पट्टी जमणार नाही, आणि हे आपल्या तिघांनाच माहीत आहे."

"सांगूया त्याला," डॉक्टर म्हणाला. "मी मालकांना तोंडावर सांगतो, बैल उठायचा नाही म्हणून."

"मग सांग."

डॉक्टर शेळीचं बँडेज बघायला उठला. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची वेळ आली की प्रत्येकाला दुसरं काम आठवतं. मी दुकानात दिवसाला वीस लोकांना सांगतो की तुमचा नंबर वाढलाय. कुणी रडत नाही, कुणी मला शिव्या देत नाही, नवा चष्मा घेतात आणि जातात. ते वाक्य मला मेहुण्याशी बोलता येईना. कारण 'तुझा आवाज उतरलाय' एवढ्यावर ते थांबणार नव्हतं, त्यामागून 'आणि आम्ही अकरा वर्षं' हेही आलं असतं. मग मी म्हणालो, "उशीर. उशिराचं कारण सांगूया. उशीर तर खराच आहे ना?"

मास्तर माझ्याकडं बघून म्हणाला, "तू सांगशील?" मी हो म्हटलं. भित्रा माणूस स्वतःच्या खोट्याच्या बाबतीत बराच शूर असतो.

त्या शनिवारी भोंगा पावणेपाचला आला. एक बाई आणि तिची जुळी मुलं अडकली होती, ते तो हातवारे करून सांगत होता. त्याचं झाल्यावर मी म्हणालो, "हे बघ, असं नाही चालणार. मेळा तोंडावर आलाय. तुझी वेळेची बोंब आहे. आम्ही दुसरा गायक बघतोय."

तो हसला. मग त्याला कळलं की बाकी कुणी हसत नाहीये.

"उशिरासाठी?" तो म्हणाला. "एकोणतीस वर्षं मी उशिराच येतोय की रे."

"म्हणूनच," मी म्हणालो.

तो बराच वेळ माईकची वायर गुंडाळत बसला. त्याला ती नीट गोल गुंडाळता येते, कोपरावरून नाही, हातात. मग म्हणाला, "एक महिना द्या. एक मिनिट जरी उशीर झाला तरी काढून टाका. मीच जाईन."

नाही म्हणायला हवं होतं. आम्ही तिघांनीही 'बरं' म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी मास्तरनं नव्या गायिकेला फोन केला, कारण ती आधीच ठरली होती. ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती ती, तिशीची. आमची पहिली रेकॉर्ड तिला पाठ होती आणि ती आरोळी ती भांडी घासताना लावते असं म्हणायची. तिला आम्ही सांगितलं की भोंगा आपणहून निवृत्त होतोय. तिला शनिवारी एक वाजता बोलवायचो, मूळ पट्टीत वाजवायचो. तीनला ती जायची. मग आम्ही तारा उतरवायचो आणि चारला भोंगा.

भोंगा आता चारला म्हणजे चारलाच येत होता. दोन शनिवार गेले. तिसऱ्या आठवड्यात बायको जेवताना खुशीत म्हणाली, "दादानं बिघाड पथक सोडलं. साहेबाला लिहून दिलं. आता तळघरातल्या सुट्या भागांच्या गोदामात, आठ ते चार, शनिवार-रविवार सुट्टी. वहिनी म्हणाली, शेवटच्या दिवशी पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. त्याच्या जागी दुसरा नेमलासुद्धा."

आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असं म्हणतात. आम्ही पखाल दाखवली, त्यानं बिचाऱ्यानं तिला औषध पाजलं. अडकलेल्या माणसाच्या दाराला तोंड लावून बोलणं, हे त्या माणसाच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम होतं. गाण्याहूनही चांगलं. ते त्यानं माझ्या एका थापेसाठी सोडलं. मी त्या वेळी उठून त्याच्या घरी गेलो असतो तर निदान ते पत्र मागं घेता आलं असतं. मी आणखी भाजी वाढून घेतली.

चौथ्या शनिवारी दुपारी दीडला खोलीचं दार उघडलं. भोंग्याकडं किल्ली होतीच, कुलूप त्यानंच बसवलेलं. आता त्याला शनिवारी कुठं जायचं नव्हतं, घरात करमेना, म्हणून तो अडीच तास आधी आला होता. हातात पाव आणि उकडलेल्या अंड्यांची पिशवी होती, आम्हा सगळ्यांसाठी. आत नर्स माईकसमोर उभी होती आणि आम्ही 'तेरावा मजला' वाजवत होतो.

वाजवणं थांबलं. आधी डॉक्टर थांबला, मग मास्तर, आणि मी दोन ठोके एकटाच वाजवत राहिलो, कारण मी वर बघितलंच नव्हतं.

"कोण ही?" भोंगा म्हणाला, अगदी चांगल्या आवाजात. पाहुण्याबद्दल विचारावं तसं.

नर्सच पुढं आली, तिचं तोंड आनंदानं लाल झालं होतं. "सर, मी तुम्हाला भेटायचं कितीदा म्हटलं, हे म्हणाले तुम्हाला त्रास नको. तुमची पहिली रेकॉर्ड मी आठवीत असल्यापासून ऐकतेय. तुम्ही जागा दिलीत, मी ती सांभाळीन."

"जागा," भोंगा म्हणाला.

"आणि एक विचारायचं होतं. शेवटच्या कडव्यात तुम्ही श्वास कुठं घेता? आता तुम्ही चार अर्धे सूर खाली गाता, त्यामुळं नव्या रेकॉर्डिंगवरून मला कळत नाही. मूळ पट्टीत श्वास पुरत नाही हो."

"कोण खाली गातं?"

तिनं आमच्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तिनं टाके घातलेल्या जागेवर हात ठेवलाय. मास्तरनं गिटारचा आवाज बंद केला. भोंगा मास्तरकडं गेलाच नाही. तो माझ्यासमोर आला आणि माझ्या बेसच्या सगळ्यात जाड तारेवर त्यानं अंगठा ठेवला.

"टिकतात म्हणाला होतास," तो म्हणाला.

मी मान हलवली. हो की नाही, मलाच माहीत नाही.

"आत्ता कुठल्या पट्टीत लावलंय?"

"मूळ," मी म्हणालो.

"वाजवा."

"भोंग्या, राहू दे ना," डॉक्टर म्हणाला.

"वाजवा म्हणतो ना!"

नर्स बाजूला झाली. आम्ही वाजवलं. पहिलं कडवं तो सुंदर गायला, इतकं सुंदर की मला वाटलं आम्हीच मूर्ख, आम्हीच अकरा वर्षं उगाच घाबरलो, आणि मी देवाजवळ मागितलं की तसंच असू दे. मग आरोळी आली. ती अर्ध्यावर चढली आणि तिथं चिरली. वर नुसती हवा गेली. त्यानं हातानं खूण केली, परत. परत चिरली. तिसऱ्यांदा आवाजच आला नाही. तोंड उघडं होतं, मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, आणि फोमच्या भिंतींच्या आत फक्त माझा बेस ऐकू येत होता.

नर्सनं पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. "बोलू नका," ती म्हणाली. "थोडा वेळ काहीच बोलू नका."

तो बोलला. "कधीपासून?"

मी सांगितलं. तंबूमागचा खोकला, पहिला अर्धा सूर, मग दुसरा, मग तिसरा, मग चौथा. एकदा बोलायला लागल्यावर मला थांबता येईना, दाजीला काय हौस आलीय असं वाटावं इतका मी बोललो. तो मधेच म्हणाला, "मी तुला उचललं होतं त्या दिवशी?" मी हो म्हणालो.

"आणि उशिराचं?"

डॉक्टर ड्रमचे स्क्रू आवळायला लागला.

"म्हणजे तेही," तो म्हणाला. त्यानं पिशवी ड्रमशेजारच्या स्टुलावर ठेवली. "दाजी, त्या दिवशी सांगितलं असतंस ना, एक शिवी दिली असती, चार दिवस बोललो नसतो. मग एक शेवटचा कार्यक्रम केला असता आणि माईक ठेवला असता. एक्केचाळीस हे काही वाईट वय नाही गाणं सोडायला. लोक म्हणाले असते, चांगला होता. आता काय म्हणतील? लोकांचं जाऊ दे. आता मी काय म्हणू?"

तो गेला. दार आपटलं नाही, नीट ओढून घेतलं. कुलूप तेवढं त्याच्या हातून लागलं, सवयीनं, आणि आम्ही चौघं आत कोंडलो गेलो. मास्तरकडं किल्ली होती म्हणून बरं.

मेळा झाला. नर्सनं मैदान डोक्यावर घेतलं. तिची काही चूक नव्हती आणि ती उत्तम गायली, हे कबूल करायला माझ्या जिवावर येत असलं तरी करतो. 'तेरावा मजला'ला लोक तीनदा उभे राहिले. खाली उतरल्यावर पांढऱ्या दाढीचा एक माणूस माझा हात धरून म्हणाला, "बरं केलंत. मधे काही वर्षं मजा नव्हती राहिली. आता कसं पहिल्यासारखं वाटलं." मी त्याला धन्यवाद म्हटलं. त्याला ठोसा मारायची इच्छा झाली होती, पण मारणार तरी कुठल्या तोंडानं? मास्तर त्या दिवशी खूश होता. मी त्याच्याशी अजूनही गरजेपुरतंच बोलतो. त्यात तथ्य काही नाही. माझ्याइतका दोषी तो नाही, पण स्वतःशी अबोला धरता येत नाही, म्हणून त्याच्याशी धरलाय.

बायको मेळ्याला आली नाही. ती माझ्याशी भांडली असती तर सोपं गेलं असतं. तिनं एवढंच विचारलं, "तुला दादाची दया आली होती, की भीती वाटली होती?" मी म्हटलं, दया. ती म्हणाली, "मला तर दोन्हीत फरक दिसत नाही," आणि कपडे घडी करायला लागली.

दोन महिन्यांनी मी भोंग्याला भेटायला त्याच्या गोदामात गेलो. तळघरात लांबलचक खोली, लोखंडी मांडण्या, डबे आणि डब्यांवर त्याच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. दाराची चाकं, ब्रेकची अस्तरं, रिले, बटणं. समोर एक खिडकी, तिच्यातून पथकाची पोरं सामान मागायला येतात. मी होतो तेवढ्यात दोघं आले, त्यांच्यात कुठल्याशा अडकलेल्या माणसाची घाई चालली होती. भोंग्यानं त्यांना हवा तो रिले न शोधता काढून दिला. "दाराची फट आधी बघा," तो म्हणाला. इतक्या हळू म्हणाला की पोरं तोवर निघूनही गेली होती.

त्याचा आवाज आता सगळीकडेच असा झालाय. घरी, फोनवर, सगळीकडे. आमचा जनावरांचा डॉक्टर म्हणाला गळ्याला काही झालेलं नाही, मेळ्याआधी नर्सनंही त्याला गळ्याच्या डॉक्टरकडे नेऊन तपासून घेतलं होतं. गळा चांगला आहे. तो वापरत नाही, एवढंच.

मी माफी मागितली. घरून पाठ करून गेलो होतो, दोन वाक्यं विसरलो. त्यानं मला स्टूल दिलं आणि किटलीतला चहा दिला. रागावलेला वाटला नाही. मग म्हणाला, "एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"पहिल्या रेकॉर्डला टेप पळवली होती का?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्या काळी टेप किंचित सावकाश फिरवून आवाज भरायचे आणि नंतर नेहमीच्या वेगानं लावायचे, की सगळं अर्धा-एक सूर वर चढतं. गायकाला न पोचणारे सूर अशानं पोचवता यायचे. ध्वनिमुद्रण करणारा मरून पंधरा वर्षं झाली होती. त्या खोलीत मी होतो, मास्तर होता, आणि काचेच्या पलीकडं चोवीस वर्षांचा भोंगा होता, हाताच्या मुठी वळून उभा. कुणी काही पळवलं नव्हतं. ती आरोळी त्यानं एका दमात लावली होती आणि ध्वनिमुद्रण करणारा खुर्चीवरून उठून उभा राहिला होता. हे माझ्या आयुष्यात मी पाहिलेलं सगळ्यात मोठं काहीतरी होतं.

"नाही रे," मी म्हणालो. "शप्पथ. तो तूच होतास. जसाच्या तसा. पहिल्याच वेळी लावलास तू." माझा आवाज चढला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं. मी त्याला खुर्चीवरून उठलेल्या त्या माणसाचं सांगितलं, मुठींचं सांगितलं, सगळं सांगितलं. अकरा वर्षांत त्याच्या आवाजाचं मी केलेलं ते पहिलं खरं कौतुक असेल.

त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या हातातला रिकामा पेला घेतला आणि म्हणाला, "असू दे दाजी. तू चांगलंच सांगणार."